रेवतीने आधीच सांगितलं होतं

रेवतीच्या नवऱ्याचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा मी आयर्लंडमधल्या स्लायगोत, आमच्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होतो. "समीर, रेवती गेली रे," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे गेली?" ... त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते, पण तोंडातून तोच निघाला. सकाळी मुलीला शाळेत सोडून ती घरी आली, स्वयंपाकघरात कोसळली, आणि डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन भागातल्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत मेंदूतला रक्तस्राव हाताबाहेर गेला होता. वय सत्तेचाळीस. मी डबा बंद केला, सुपरवायझरला सांगितलं आणि तसाच डब्लिनच्या रस्त्याला लागलो. त्या तीन तासांतलं मला आता काहीही आठवत नाही.

याला सात आठवडे झाले. दुःख जरा निवळलं की लिहीन, असं मी ठरवलं होतं. दुःख निवळलंय की नाही कोण जाणे, पण आता लिहायला बसल्यावर लक्षात येतं की मनात सगळ्यात वर आहे ती किळस. काही माणसांची, त्यांच्या गोड बोलण्याची, आणि थोडी माझी स्वतःचीही. ती झाकून रेवतीबद्दल चार गोड वाक्यं लिहिता आली असती. पण तसलं लिखाण तिने दोन ओळींच्या पुढे वाचलं नसतं.

रेवती मूळची नागपूरची. तिथल्या जिल्हा न्यायालयात आठ वर्षं वकिली केलेली. मिलिंदला डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि ती इथे आली, तेव्हा तिच्या पदवीला इथे काडीची किंमत नव्हती. पोर सांभाळत तिने परीक्षा पुन्हा पहिल्यापासून दिल्या. बरोबरीच्या मैत्रिणी मॅनेजर होत होत्या त्या वयात ही शिकाऊ वकील म्हणून लोकांच्या फाइलींच्या झेरॉक्स काढत होती. मग नदीकाठच्या एका मोठ्या ऑफिसात तिला नोकरी मिळाली. काम होतं दिवाळखोरीत निघालेल्या कंपन्यांचं. कंपनी बुडाली की तिचा कारभार लिक्विडेटरच्या हाती जातो. उरलंसुरलं विकायचं आणि ज्यांचं देणं आहे त्यांना कायद्याने ठरलेल्या क्रमाने वाटायचं. या लिक्विडेटरला कायद्याचा सल्ला देणारे वकील म्हणजे रेवतीचं ऑफिस.

"कंटाळवाणं काम असेल," मी एकदा म्हटलं होतं. ती पोहे परतत होती. म्हणाली, "असं समज, एका घरातली सगळी माणसं एकदम दवाखान्यात भरती झालीयेत आणि किल्ली तुझ्याकडे दिलीय. आत काय होतं, काय नव्हतं, विचारायला कोणी नाही. कसा वागशील?"

"नीट वागेन."

"सगळे हेच म्हणतात. म्हणून नुसतं नीट वागून भागत नाही, बाप्पा. आत जायच्या आधी सांगावं लागतं. हा माझा मेहुणा लागतो, त्याचं काम मी पूर्वी केलंय, अमक्याशी माझं भांडण आहे. मग किल्ली तुझ्याकडे ठेवायची की नाही, ते त्यांनी ठरवायचं. तू नाही."

हे तिचं फक्त ऑफिसपुरतं नव्हतं. तेव्हा आम्हीही डब्लिनलाच राहायचो; तिथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांची पाठांतर स्पर्धा असते. ब्लँचर्डस्टाउनजवळचा कम्युनिटी हॉल, शंभर-सव्वाशे माणसं, आणि आयरिश हेल काढून मराठी म्हणणारी पोरं. एका वर्षी रेवतीला परीक्षक केलं होतं. नावं पुकारायला सुरुवात झाली आणि ती उठून उभी राहिली. "मला नाही बसता येणार. समीरची ईशा यात आहे. परवाच माझ्या घरी बसून तिने तो उतारा घोकलाय, दोन उच्चार मीच सुधारलेत." सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, "अहो वहिनी, ही काय हायकोर्टाची केस आहे का?" तीही हसली, पण पुन्हा काही बसली नाही. आम्ही घरी येताना ईशा गाडीत म्हणाली, "शी वॉज बीइंग फेअर, बाबा. व्हाय वॉज एव्हरीवन लाफिंग?" मी तिला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. हसणाऱ्यांत मीही होतो.

पुढे मला कासलबारजवळ एका छोट्या कारखान्यात क्वालिटी इंजिनीअरची नोकरी मिळाली आणि मी, माझी बायको मानसी आणि ईशा पश्चिमेकडच्या मेयो परगण्यात राहायला गेलो. कॅथेटरला लागणारे प्लॅस्टिकचे बारीक भाग तिथे तयार व्हायचे. मला ते काम खऱ्या अर्थाने शिकवलं ते ब्रीडने. ब्रीड क्लीनरूमची सुपरवायझर, साठीला आलेली, बावीस वर्षं त्याच कारखान्यात. भाग उजेडासमोर धरून ती सांगायची, "हा कुणाच्या तरी आईच्या हृदयापर्यंत जाणार आहे." नव्या माणसाला याहून वेगळं ट्रेनिंग ती देत नसे. कारखाना चांगला चालला होता. पण मालकांनी दुसरीकडे हात पोळून घेतले आणि एका सोमवारी आमच्या गेटवर नोटीस लागली. लिक्विडेटर नेमला गेला. खाली त्याच्या वकिलांचं नाव होतं, आणि ते रेवतीचं ऑफिस होतं.

मला तर हायसं वाटलं! आपलं माणूस आत आहे, म्हटलं. लगेच फोन लावला. "रेवती, काय होणार आहे आमचं? कुणी विकत घेतंय का? मी दुसरी नोकरी शोधू का?"

मग ती म्हणाली, "समीर, मला यावर बोलता येणार नाही. एक शब्दही नाही."

"अगं, मी काय परका आहे?"

"परका असतास तर फोन उचलला नसता. ठेवते मी."

आणि तिने खरंच फोन ठेवला.

त्याच आठवड्यात कासलबारच्या एका हॉटेलात कामगारांची आणि घेणेकऱ्यांची सभा झाली. समोरच्या टेबलावर लिक्विडेटर, शेजारी रेवतीच्या ऑफिसातले थोरले भागीदार, आणि कडेला फाइली घेऊन रेवती. थोरले भागीदार म्हणजे अगदी छाप पडेल असा माणूस. उंच, रुपेरी केस, प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवणारा. "आम्ही तुमची काळजी घेऊ," म्हणाला. ब्रीड माझ्या कानात पुटपुटली, "या महाशयांच्या महागड्या बुटांकडे बघ." सभा सुरू व्हायच्या आधी रेवती उठली, सगळ्या हॉलमधून चालत थेट माझ्यापर्यंत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत म्हणाली, "हॅलो समीर. मानसी आणि ईशा कशा आहेत?" मला वाटलं, फोनवर तोडून बोलली आणि आता चारचौघांत मोठेपणा दाखवते आहे. मी मान फिरवली. ती दोन क्षण उभी राहिली आणि परत गेली. आपली ओळख आहे हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला दिसावं म्हणून ती आली होती, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

सात आठवड्यांत सगळं आटोपलं. आमची यंत्रं, साचे, पेटंटं, सगळं एका डब्लिनच्या कंपनीने घेतलं, इतकं स्वस्तात की ऐकून ब्रीड हसायलाच लागली. न्यायालयाने विक्रीला दहा मिनिटांत मंजुरी दिली. नव्या मालकांना कारखाना चालवायचा नव्हताच. यंत्रं ट्रकांवर चढून परदेशी गेली. ब्रीडच्या पेन्शनचा मोठा भाग बुडाला. मला वर्षभराने स्लायगोत काम मिळालं. ते वर्ष कसं गेलं, ते मानसीलाच विचारावं.

आणि मी सगळा राग रेवतीवर काढला. तिचे मेसेज उघडले नाहीत. मानसी म्हणायची, "अरे, एकदा बोलून तरी बघ." नाही बोललो. दिवाळीच्या कार्यक्रमात आम्ही समोरासमोर आलो तेव्हा पाच-सहा जणांच्या देखत म्हणालो, "हिला विचारा. हिच्या ऑफिसने आमचा कारखाना भंगारात काढला." तिच्या हातात चिवड्याची प्लेट होती. चेहरा पांढरा पडला. ती फक्त म्हणाली, "हो. आमच्याच ऑफिसने." मिलिंद तिला घेऊन निघून गेला. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं ... आज तो क्षण आठवला की स्वतःचीच शिसारी येते.

नंतर अचानक बातमी आली की आमच्या कारखान्याचा जुना लिक्विडेटर बाजूला झाला आणि त्याच्या जागी नवा नेमला गेला. वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे कुणीतरी तक्रार केली होती म्हणे. जुन्या फाइली नव्या माणसाच्या ताब्यात गेल्या, त्याने त्या वाचल्या आणि थेट न्यायालयात गेला. त्या सुनावणीला ब्रीड आणि मी डब्लिनला गेलो. मागच्या बाकावर बसलो. न्यायाधीश एक बाई होत्या. त्या आल्या, बसल्या आणि पहिलंच वाक्य असं बोलल्या, "सुरू करण्याआधी सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी, वकील असताना, यातल्या एका बॅरिस्टरबरोबर मी एकाच खोलीत काम केलं आहे. त्यानंतर आमचा संबंध नाही. तरी कुणाला हरकत असेल तर आत्ता सांगा, मी हे प्रकरण सोडते." आणि त्या खरंच थांबल्या. कुणाची हरकत नव्हती. ब्रीडने माझा दंड धरला. "एवढंच करायचं होतं त्यांनी," ती हळूच म्हणाली. "फक्त सांगायचं होतं. दोन मिनिटं लागली बाईंना."

मग एकेक बाहेर आलं. आमचा कारखाना विकत घेणारी कंपनी थोरल्या भागीदारांची जुनी अशील होती. कारखाना धडधाकट असतानाच तिला तो हवा होता आणि त्यासाठीचा सल्ला याच ऑफिसने दिला होता. म्हणजे किती किमतीला घ्यायचं हे ज्यांनी एकाला सांगितलं, तेच आता किती किमतीला विकायचं हे दुसऱ्याला सांगत होते. आणि न्यायालयात शपथेवर लिहून दिलं होतं की सांगण्यासारखा कोणताही हितसंबंध नाही. दहा मिनिटांत मंजुरी देणाऱ्या आधीच्या न्यायाधीशांची मुलगी त्याच ऑफिसात शिकाऊ वकील होती. तेही बोलले नव्हते. ते आता निवृत्त झाले होते. त्यामुळे त्यावर फार चर्चा झाली नाही. कुणी कुणाला पाकीट दिलं नव्हतं, धमकी दिली नव्हती. सगळी सभ्य माणसं, एकमेकांची मुलंबाळं माहीत असलेली. अडचणीचा विषय निघाला की "इट्स ग्रँड, इट्स ग्रँड", म्हणजे सगळं छान आहे, असं म्हणायचं आणि पुढे जायचं. मला त्या सभ्यपणाची जेवढी किळस आली तेवढी चोरीची आली नसती.

आणि मग नव्या लिक्विडेटरच्या वकिलाने फाइलीतला एक कागद वाचून दाखवला. ऑफिसातल्या एका कनिष्ठ वकिलाने काम आल्याच्या तिसऱ्या दिवशी थोरल्या भागीदारांना लिहिलेली चिठ्ठी. त्यात दोनच परिच्छेद होते. पहिला: या कंपनीतला एक कर्मचारी माझा कौटुंबिक मित्र आहे, त्याने मला फोन केला होता, मी काही सांगितलेलं नाही, तरी मला या कामातून मोकळं करावं. दुसरा: खरेदीत रस असलेली कंपनी आपली जुनी अशील आहे, हे न्यायालयाला सांगितलं पाहिजे, नाहीतर आपण हे काम सोडलं पाहिजे. चिठ्ठीच्या कडेला थोरल्या भागीदारांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'पहिला मुद्दा क्षुल्लक. दुसरा, भेटून बोलू.' खाली सही रेवतीची होती.

मला उठून बाहेर जावंसं वाटलं. ब्रीडने विचारलं, "ही तीच ना? तुझी मैत्रीण? हॉटेलात तुला हॅलो म्हणायला आलेली?" मी मान हलवली. ती म्हणाली, "आणि तू तिच्याकडे पाठ फिरवलीस."

निकालात न्यायाधीशांनी थोरल्या भागीदारांवर कडक ताशेरे ओढले. त्यांची फी नामंजूर झाली, पुढे त्यांना दंड झाला. पण विक्री काही मागे फिरली नाही; फिरवायला उरलं काय होतं? ब्रीडला तिच्या पेन्शनमधला थोडासा हिस्सा मिळाला. थोरले भागीदार आजही वकिली करतात. इथल्या वकिलांना दरवर्षी काही तासांचं प्रशिक्षण सक्तीचं असतं, त्यात व्यावसायिक नीतिमत्तेचा तासही असतो. गेल्या वर्षी एका ठिकाणी तो तास त्यांनी घेतला. रेवतीनेच मला त्याच्या जाहिरातीचं पान दाखवलं होतं. हसत होती, पण ते पान तिने जपून ठेवलं होतं.

सुनावणीच्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या दारात गेलो. तिने दार उघडलं. मी म्हटलं, "का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं होतं?"

"की तू विरोध केला होतास. तक्रारही तूच केलीस ना?"

"ते अशिलाचं होतं, समीर. लिक्विडेटरचं. माझं नव्हतं तुला सांगायला."

"दोन वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्यास."

"त्या खाता येत होत्या." मग एकदम तिचा आवाज चढला. "पण दिवाळीला जे बोललास ना, तेव्हा ती चिवड्याची प्लेट तुझ्या डोक्यावर उपडी करणार होते मी! मिलिंद नसता तर केलीच असती. आता उभा काय राहिलास, आत ये."

ती संतबाई नव्हती. तिला राग यायचा, तो बराच काळ टिकायचा. चिठ्ठी लिहिल्यावर ऑफिसात तिचं टेबल जुन्या कागदपत्रांच्या खोलीत हलवलं होतं, दुपारच्या जेवणाला कुणी बरोबर बसेना, आणि सहा महिन्यांनी तिने नोकरी सोडली. हे ती सांगायची तेव्हा नावानिशी एकेकाचा उद्धार करायची. दुसऱ्या कुठल्याही मोठ्या ऑफिसने तिला घेतलं नाही. मुलाखतीत सगळे तिचं कौतुक करायचे आणि नंतर फोन यायचा नाही. शेवटी तिने ब्लँचर्डस्टाउनला एका दुकानाच्या वर एक खोली घेतली आणि वैयक्तिक दिवाळखोरीत अडकलेल्या माणसांची कामं सुरू केली. टॅक्सीवाले, केशकर्तनालय चालवणाऱ्या बाया, एक-दोन आपलेही. आम्हाला पुन्हा मैत्रीसाठी फक्त चौदा महिने मिळाले. त्याआधीची दोन वर्षं मीच वाया घालवलेली होती, हे ती नाही, मीच बोलून दाखवायचो, आणि ती विषय बदलायची.

अंत्यसंस्काराला तो आला होता. थोरले भागीदार. काळा कोट, रुपेरी केस. रांगेत उभे राहून त्यांनी मिलिंदचा हात दोन्ही हातांत घेतला, इथल्या रिवाजाप्रमाणे "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणाले, आणि नंतर चहा-सँडविचच्या वेळी चार जणांच्या घोळक्यात मी त्यांना बोलताना ऐकलं: "आमच्या ऑफिसची सदसद्विवेकबुद्धी होती ती." अगदी हेच शब्द. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते खोटं असावं असं मला वाटलं नाही. मी कप खाली ठेवला, त्यांच्यासमोर गेलो आणि म्हणालो, "मी समीर. रेवतीच्या चिठ्ठीतला तुमचा क्षुल्लक मुद्दा." त्यांना काही क्षण लागले. मग त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन करायला हात पुढे केला. तो मी धरला नाही. मिलिंद लांबून बघत होता. नंतर गाडीत तो म्हणाला, "तिला आवडलं नसतं ते." मग थोड्या वेळाने, "नाही रे. आवडलं असतं."

गेल्या शनिवारी आम्ही दोघं तिची खोली रिकामी करायला गेलो. तिची चालू कामं आता त्याच भागातली एक तरुण आयरिश वकील बघणार आहे. ती फाइली न्यायला आली होती. फाइली आम्ही उघडायच्या नाहीत, फक्त खोक्यांत भरून खाली न्यायच्या, असं तिने सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती. भरता भरता ती थबकली. प्रत्येक फाइलीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईत देवनागरीत बारीक काहीतरी लिहिलं होतं. "हे काय आहे?" तिने विचारलं. मी वाचलं. सगळीकडे पहिला शब्द एकच होता: ओळख. पुढे कुठे 'नाही'. कुठे 'भाऊ मिलिंदच्या ऑफिसात, सांगितले'. एका फाइलीवर 'खालच्या दुकानातली बाई, रोज हसते, सांगितले'. मी तिला समजावलं की आमच्याकडे काम करून घ्यायचं असलं की माणसं हाच शब्द वापरतात, अमक्याशी ओळख आहे का म्हणून विचारतात. रेवती तो फाइलीवर लिहून ठेवायची, म्हणजे समोरच्याला सांगायचं विसरणार नाही.

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर."

ती खोकी पुन्हा भरायला लागली. मग एक फाइल तिने वरचं नाव वाचून बाहेर काढली, जरा वेळ हातात धरली आणि बाजूला ठेवली. "या माणसाच्या विरुद्ध बाजूला माझा चुलतभाऊ आहे," ती म्हणाली. "ही मला घेता येणार नाही. दुसरा कुणीतरी शोधावा लागेल." आम्ही बाकीची खोकी खाली नेली. ती एक फाइल रेवतीच्या टेबलावरच राहिली.